चौथ्या मजल्याचं छत

छताचा पोपडा थू काकूंच्या पेजेच्या वाडग्यात पडला, तेव्हा कुठे इमारतीची बैठक भरली.

चर्चा छान रंगली. कुणी भूकंपाला दोष दिला, कुणी वरच्यांच्या कपडे धुण्याच्या मशीनला. अध्यक्ष ल्याओंनी तर, 'चार'चा उच्चार 'मृत्यू'सारखा म्हणून, चौथा मजलाच अशुभ ठरवला. काँक्रीटचं नाव मात्र कुणी काढलं नाही. ते काढलं की तायपेईत घराला गिऱ्हाईक मिळत नाही.

"काँक्रीट तपासायचं," शू-ह्वेई म्हणाली. "माझ्या घरापासून सुरुवात करा."

"अगं, तुझे अ-बा असताना असलं काही लागलं नाही," ल्याओ म्हणाले. "पोपडा पडला की शिडी घेऊन हजर. फुकट लिंपून द्यायचे. त्यांच्याच मुकादमीत उभी राहिलेली इमारत, जीव होता हिच्यावर."

"म्हणून तर तुमचे हात खिशात राहिले. आता खराब माल घालणाऱ्या चोरांची नावं तरी कळू देत."

वडिलांना जाऊन चाळीस दिवस झाले होते. सत्तरीतल्या माणसाला शिडीवर चढवणारे हे लोक अंत्यविधीला आले, पोटभर जेवले आणि आता लिंपणार कोण म्हणून हळहळले. तिने त्यांच्याकडे बघणंच सोडलं होतं.

दोन दिवसांनी तपासणीची बाई आली. ल्याओ आणि थू काकूही मागोमाग शिरले. बाईने छताला यंत्र लावून मनगटाएवढा काँक्रीटचा तुकडा काढला आणि टेबलावर ठेवला. आतली सळई गंजून फुगली होती.

"समुद्राची वाळू, न धुता वापरलेली," बाई म्हणाली. "मिठाने सळई गंजते, फुगते, काँक्रीट फोडते. वरून कितीही लिंपा." तिने टोच्याने काहीतरी उकरलं. "हे बघा."

नखाएवढा गुलाबी शिंपला.

"घ्या," ल्याओ म्हणाले. "चोरांची नावं हवी होती ना तुला? आता शोध."

शू-ह्वेई वडिलांच्या फोटोपाशी गेली. तिथे नैवेद्याच्या संत्र्यांच्या शेजारी तिच्या लहानपणची काचेची बरणी होती. तिने ती टेबलावर उपडी केली. शिंपलेच शिंपले. नखाएवढे, गुलाबी.

"ही इमारत बांधत होते, त्या वर्षीचे आहेत," ती म्हणाली. "रोज संध्याकाळी अ-बा खिशातून एक काढायचे. 'कामावर सापडला' म्हणायचे."