काकूंच्या खुर्चीवर

पहिल्यांदा हात वर केला तेव्हा काकांना वाटलं, झालं आपलं काम, आता घरी जायला मोकळे.

पण अध्यक्षांनी हात मोजले, मान हलवली आणि म्हणाले, "ही झाली दुरुस्ती. आता मूळ ठराव." काकांनी पुन्हा हात वर केला. मग कुणीतरी एक उपसूचना मांडली. काकांनी तिलाही निराश केलं नाही.

शेजारच्या शिवणकामवाल्या बाई त्यांच्या कानाशी वाकल्या. "काका, तुम्ही दोन्हीकडून मत देताय."

"दोन्हीकडून म्हणजे?"

"एकदा खोली द्यायची म्हणून, आणि एकदा द्यायची नाही म्हणून."

काकांना घाम फुटला. जन्मभर त्यांनी बस चालवली होती, पण तिथे निदान कोणता रस्ता कुठे जातो ते ठाऊक असायचं. रहिवासी संघाच्या सभेला ते आज पहिल्यांदाच आले होते, तेही बायकोच्या जागी. काकूंच्या घशाचं ऑपरेशन झालं होतं. पंधरा दिवस एक शब्द बोलायचा नाही, अशी डॉक्टरांची सक्त ताकीद होती. निघताना काकूंनी दारात त्यांचा उजवा हात धरून उंच केला. मग स्वतःच्या तोंडाकडे बोट दाखवलं, मग त्यांच्या तोंडाकडे. काकांनी तोवर चपला घातल्या होत्या. "कळलं गं. हात वर करायचा आणि तोंड बंद ठेवायचं. त्यात काय एवढं?" असं म्हणत ते जिना उतरले. मागे काकूंनी कपाळावर हात मारून घेतला, तो त्यांना दिसला नाही.

प्रकरण तसं साधं होतं. जिन्याखाली संघाची एक खोली आहे. ज्यांच्या घरात वही उघडायला कोपरा नाही अशी मुलं संध्याकाळी तिथे अभ्यासाला बसतात आणि काकू त्यांच्यावर नजर ठेवतात. खजिनदारांच्या मेहुण्याला तीच खोली रंगाचे डबे ठेवायला भाड्याने हवी होती. मुलं की डबे, एवढाच प्रश्न. पण सभेत आल्यापासून तो प्रश्न असा काही नटला होता, की घरच्यांनाही ओळखू आला नसता.

"समसमान," अध्यक्ष चष्मा पुसत म्हणाले. "काकांची मतं बाजूला ठेवली, तर दोन्हीकडे सारखेच हात आहेत. तेव्हा काका, आता सगळं तुमच्यावर. दुरुस्तीसह मूळ ठराव मान्य असेल तर हात वर करा."

सगळ्या माना काकांकडे वळल्या.

"करा, काका, करा," खजिनदार म्हणाले. त्यांच्या आवाजात एवढा गोडवा काकांनी पूर्वी कधी ऐकला नव्हता. "काकूंनी तसंच सांगितलं असेल ना?"

तसंच सांगितलं होतं. म्हणून तर काका घाबरले. घरी फोन करून विचारावं, तर पलीकडून बोलणार कोण? इतकी वर्षं दर सभेनंतर काकू जेवताना सगळं सांगायच्या आणि काका पेपरातून डोकं न काढता "हं, हं" करायचे. त्या एकेका "हं"ची आता त्यांना लाज वाटली. उद्या संध्याकाळी मुलं दप्तरं घेऊन येतील आणि दाराला मेहुण्याचं कुलूप असेल. वर घरात काकू काही न बोलता नुसत्या बघत राहतील. ते बघणं काकांना आत्ताच सोसवेना.

त्यांनी हात वर केला. खजिनदारांनी हुश्श केलं.

"मत नाही देत अजून," काका म्हणाले. तोंड बंद ठेवायचं होतं हे त्यांना आठवत होतं, पण आता इलाज नव्हता. "विचारायचंय. मला यातलं काहीही कळलेलं नाही. मी हो म्हटलं तर उद्या त्या खोलीत मुलं बसणार की डबे?"

"तसं एका वाक्यात नाही सांगता येत," अध्यक्ष म्हणाले.

"मग दोन वाक्यांत सांगा."

अध्यक्षांनी सुरुवात केली. दुरुस्ती मान्य, म्हणजे मुलं. खजिनदार म्हणाले, दुरुस्तीत नव्हे, मुलं उपसूचनेत आहेत. अध्यक्ष म्हणाले, उपसूचना तर केव्हाच पडली. "पडली कधी?" मागून इस्त्रीवाला ओरडला. "मी तर तिलाच मत दिलं!"

शिवणकामवाल्या बाई ताडकन उठल्या. "म्हणजे मी डब्यांसाठी हात वर केला की काय? माझी पोरगी बसते हो तिथे!"

मग काय विचारता! खुर्च्या करकरल्या, जो तो शेजाऱ्याला आपण कशाला मत दिलं ते विचारू लागला आणि शेजाऱ्याला स्वतःचंच माहीत नव्हतं. काकांना कळत होतं नव्हतं तेही कळेनासं झालं.

"थांबा," ते म्हणाले. "पुन्हा सांगा. पहिल्यापासून. आणि सावकाश."

खजिनदारांनी पेन टेबलावर टाकलं आणि ते अध्यक्षांच्या कानाशी पुटपुटले, "दर सभेला हेच. शब्दन् शब्द हेच. काकूंना बोलायची बंदी आहे, म्हणून तर मुद्दाम आजची सभा लावली होती!"

काकांना ते ऐकू गेलं नाही. त्यांचा हात अजून वरच होता.