गळ्यावरचं क्रीम

"हे पूस आधी, मग होडीत बस," धक्क्यावरच्या मावशींनी ओला कपडा पुढे केला.

ती मुलगी जागची हलली नाही. नवीनच लग्न झालेलं असावं. गळ्याला कातडीच्या रंगाचं क्रीम चांगलं जाडजूड चोपडलेलं. बेट राखीव होतं. क्रीम पाण्यात उतरलं की प्रवाळ मरतं, म्हणून मुखवटा-नळी लावून पाण्याखाली कासवं बघायला निघालेल्या प्रत्येकाला मावशी आधी तपासत. त्यांच्यापुढे भल्याभल्यांची डाळ शिजत नसे.

"राहू द्या ना मावशी," नवरा मध्येच बोलला. "तिची कातडी नाजूक आहे हो. कधीपासून हौस आहे तिला कासवं बघायची."

मावशींच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. बाकीचे मुकाट्याने पुसतात, मग हिचंच घोडं कुठे अडलंय? आणि याची एवढी मध्ये मध्ये लुडबुड कशासाठी? मावशींची थोरली बहीणही गळ्याला असंच काहीबाही फासायची. खाली दाजींच्या बोटांचे वळ असायचे. दाजीही असेच गोडबोले होते.

"चल गं माझ्याबरोबर," म्हणत त्यांनी तिला कपडे बदलायच्या खोलीत नेलं. नवरा दारापर्यंत मागोमाग आला. मावशींनी त्याच्या तोंडावर दार लावलं.

"मारतो का तो? खरं सांग. होडी गेली खड्ड्यात."

मुलगी बघतच राहिली. मग तिने कपडा घेतला आणि गळा स्वतःच पुसला. वळबिळ काही नव्हतं. हनुवटीखालून कॉलरच्या आत उतरलेला पांढरा डाग होता. कोड.

"त्यांना ठाऊक नाही," तिला रडू आवरेना. "लग्नाआधी आईने सांगू दिलं नाही. आता माझीच जीभ रेटत नाही. कळलं तर संपलंच सगळं. नकोत मला ती कासवं. मी परत लावते आणि धक्क्यावरच बसते."

मावशींना गलबलून आलं. पण धास्ती काही सुटेना. कळल्यावर हा बाबा काय करेल? गोड बोलणाऱ्याचा काय नेम! "तोंड धू, आलेच मी," म्हणत त्या बाहेर पडल्या. नवरा दाराला खेटूनच उभा होता.

"काय रे, कान लावून काय ऐकतोस?"

तो ओशाळला. मावशींना जरा बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "पोहायचा गळाबंद पोशाख असेल ना तुमच्याकडे? तो द्या तिला. पण मी मागितला असं सांगू नका."

मावशींनी डोळे बारीक केले. "का? तुला काय ठाऊक आहे?"

"तिला जमेल तेव्हा सांगेल ती," तो म्हणाला. "क्रीम उशीला लागतं, मावशी. सकाळी ती न्हाणीघरात गेली की मी रोज उशी उलटी करून ठेवतो."