फासकीची तार

सकाळी बाबा म्हणाले होते, "चेडवा, आज वरल्या रानात जाव नको हां, बिबटो फिरता." गौरवी हसली होती. ती संवर्धन जीवशास्त्रात एमएस्सी करत होती आणि तिचा प्रबंध बिबट्यांवरच होता.

दुपारी सुर्ला गावच्या त्याच रानात, डुकरांसाठी लावलेल्या तारेच्या फासकीत बिबट्या सापडला. वनखात्याच्या पथकाने भूल देऊन त्याला सोडवलं, तरी नोंदी घ्यायला आलेल्या गौरवीला गळ्याची जखम बघवत नव्हती.

"मॅडम, तार कसली ती नीट लिवा," वनरक्षक म्हणाला. "तारेवरसूनच माणूस गावता. आणि गावलो काय सात वर्सां तुरुंगात."

ती वही घेऊन वाकली. तार सायकलच्या ब्रेकची होती. वरच्या गुलाबी नळीवर सातवीतल्या गौरवीने नेलपॉलिशने काढलेलं 'गौ' अजून पुसलं नव्हतं.