निकाल रिकामा असल्यास

सुनेनं 'जतन करा' दाबलं आणि बंद विनंत्यांच्या चौकटीचा नवा साचा विकीवरच्या तशा सगळ्या पानांना एकदम लागला. कित्येक आठवडे चर्चेच्या पानावर डोकेफोड करून तिनं बाकीच्यांना राजी केलं होतं. घोडं एकदाचं गंगेत न्हालं म्हणून ती खूश झाली आणि चहा टाकायला उठली.

विकी, म्हणजे कुणीही लिहू शकेल अशी वेबसाइट, बेपत्ता माणसांच्या शोधासाठी होता. एक प्रवासी बोट उलटली तेव्हा तिच्यावरच्या माणसांच्या नातेवाइकांनीच तो सुरू केला. पुढे पूर आले, आगी लागल्या, तशी पानं वाढत गेली. कुणीही यावं, आपल्या माणसाच्या शोधाची विनंती टाकावी, ज्याला काही ठाऊक असेल त्यानं खाली लिहावं. शोध संपला की पानाच्या डोक्यावर एक चौकट लागायची: 'ही विनंती निकाली काढण्यात आली आहे.' पोर गमावलेल्या बापानं हे वाचायचं! जशी काही तुंबलेल्या गटाराची तक्रार. सुनेला त्या वाक्याची चीड होती. नव्या साच्यात तिनं माणसाचं नाव घातलं, भाषा माणसांची केली, आणि निकाल सगळ्यांना दिसेल असा केला.

निकाल लिहायची सोय जुन्या साच्यातही होती, पण तो पानावर दिसत नसे, म्हणून कितीतरी जणांनी ती जागा रिकामीच सोडली होती. तिथं आता काय दाखवायचं? विकीवरचे सर्वांत जुने सभासद म्हणजे एक निवृत्त मास्तर. त्यांनी मत दिलं की ज्यांची माणसं गेली ते लिहून ठेवतातच. ज्यांची परत आली ते आनंदाच्या भरात विसरतात. तेव्हा रिकाम्या जागी 'सुखरूप घरी पोचले' असं आपोआप येऊ द्यावं. सगळ्यांना पटलं. सुनेलाही पटलं, आणि ती ओळ तिनंच लिहिली.

चहाला उकळी येत होती तेवढ्यात सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात आल्या. रोज दुपारी आडव्या झाल्या की त्या टॅबवर मुलाचं पान उघडायच्या, फोटो बघायच्या आणि डोळे मिटायच्या. बाकी विकीशी त्यांना देणंघेणं नव्हतं. आता त्यांचे केस सुटले होते आणि पायात एकच चप्पल होती.

"कुठं आहे गं तो?" त्यांनी विचारलं. "कुणी आणलं?"

सुनेनं टॅब हातात घेतला. नवऱ्याच्या फोटोवर तिचीच चौकट होती. सुखरूप घरी पोचले.

ती विनंती तिनं स्वतःच बंद केली होती. खाली कुणी काही लिहीनासं झालं म्हणून. देह मिळाला नव्हता, आणि 'मृत' लिहायला हात धजत नव्हता, म्हणून निकालाची जागा तिनं तशीच सोडली. सासूबाईंशीही तिनं तो विषय कधी काढला नाही, त्यांनीही काढला नाही.

मग बाकीच्यांनी तरी ती जागा आनंदात विसरून थोडीच सोडली असेल?

गॅस बंद करून ती संगणकाकडे धावली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. बंद पानांखाली भराभर मजकूर येत होता. कुणी दवाखान्याचं नाव विचारत होतं, कुणी गाडी काढून निघालं होतं. एका बाईनं लिहिलं होतं: 'आम्ही घर बदललं आहे. ती जुन्या दारात उभी असेल. जवळ कुणी असेल तर तिला थांबवून ठेवा.'

सासूबाई मागे येऊन उभ्या राहिल्या होत्या.

"आई, चूक झाली. माझ्या हातून झाली. ते आलेले नाहीत."

सासूबाई खुर्चीत बसल्या. रडल्या नाहीत.

"मला ठाऊक आहे गं. बोट बुडाली त्याच दिवशी ठाऊक होतं. तरी आत्ता जिना उतरून बघून आले."

सुनेनं साचा उघडला. ती ओळ काढली की सगळ्या पानांवरून वाक्य जाणार होतं.

"सगळ्यांचं काढ," सासूबाई म्हणाल्या. "माणसं घराबाहेर पडली असतील. आपलं तेवढं राहू दे आजच्यापुरतं."

"तसं होत नाही, आई. साचा सगळ्यांचा एकच. आपलं ठेवायचं तर मला ते हातानं लिहावं लागेल."

"मग लिही."

तिनं ओळ काढली. नवी चौकट निकालाविना भकास दिसू लागली. त्या लोकांसाठी तिनं पहिल्या पानावर लिहिलं: 'ते वाक्य चुकीनं आलं होतं. चूक माझी.' तिनं नवऱ्याचं पान उघडलं आणि रिकाम्या जागी टाइप करू लागली. 'सुखरूप' एवढं लिहून तिची बोटं थांबली.

सासूबाई पडद्याकडे बघत राहिल्या.

"पुस ते," त्या म्हणाल्या. "आपोआप आलं तेव्हा खरं वाटलं होतं. 'बुडाला' लिही."

सुनेनं लिहिलं. एवढीशी अक्षरं, पण तिला फार वेळ लागला. जतन करायच्या आधी सासूबाईंनी तिचा हात धरला. चौकटीत शेवटी, विनंती बंद करणाऱ्याचं नाव असतं तिथं, त्यांनी बोट ठेवलं.

"इथलं तुझं नाव काढ. माझं घाल."