घुबडाचा चमचा

बाबांनी त्यांच्या जुन्या वस्तूंच्या दुकानातून हौसेने घरी आणलेले ते चांदीचे चमचे, व्हिक्टोरिया राणीच्या काळातले. प्रत्येकाच्या दांड्यावर वेगळा प्राणी. बाबांचा सिंहाचा, आईचा माशाचा, दादाचा कुत्र्याचा आणि माझा घुबडाचा. “रात्रभर पुस्तकात डोळे घालून बसते, घुबड कुठली!” म्हणत बाबांनीच तो मला दिलेला.

हल्ली बाबांना आमची नावं आठवत नाहीत. पण जेवायच्या वेळी चमचे अजून तेच मांडतात, आणि मी श्वास रोखून बघत राहते. घुबड माझ्यापुढे आलं, की वाटतं, आजचा दिवस निभावला.

आज ते बराच वेळ घुटमळले. घुबडाच्या डोळ्यांवरून अंगठा फिरवत राहिले. दादा मदतीला उठणार होता, पण आईने त्याला नजरेनेच थांबवलं. शेवटी मासा आईपुढे आला, कुत्रा दादापुढे, आणि घुबड अलगद माझ्यापुढे.

“जेव गं, घुबडे,” बाबा म्हणाले. माझा जीव भांड्यात पडला.

बाबा मात्र बसेनात. हातात उरलेला सिंहाचा चमचा त्यांनी उलटसुलट करून पाहिला, रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं आणि आईला विचारलं, “अजून कोणी यायचंय का जेवायला?”