तीन ठोके

दोघा लिफ्टमेकॅनिकांचं ठरलेलं होतं: खालच्याने पान्याने तीन ठोके दिले की वरच्याने लिफ्ट थांबवायची. त्या दिवशी वर ताईचा धाकटा भाऊ होता. त्याला ठोके ऐकू आले, पण उशिरा. जोडीदार वाचला नाही, आणि ठोके काही थांबेनात. भिंतीतून, उशीतून, नळातूनसुद्धा यायला लागले.

डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या, दर आठवड्याला त्याला बोलतं केलं आणि बहीणभावाला एक नियम घालून दिला. ठोके आले की त्याने विचारायचं, "ताई, तुला ऐकू आलं?" तिने त्याच्या हातावर हात ठेवून खरं तेच सांगायचं. सुरुवातीला दिवसातून चाळीस-चाळीसदा ती "नाही रे" म्हणाली. एकदाही वैतागली नाही.

आज तो पुन्हा कामावर निघाला होता. कडक इस्त्रीचा शर्ट, दाराशी हत्यारांची पिशवी.

"शंभर दिवस झाले, ताई. एक ठोका नाही!"

ताईचा ऊर भरून आला. पोरगं कुठून कुठवर आलं! अख्ख्या गल्लीला ओरडून सांगावंसं तिला वाटलं.

तेवढ्यात फरशीखालून ठोके आले. तीन. लोखंडावर लोखंड.

ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. तो मजेत शीळ घालत बुटाची नाडी बांधत होता. पुन्हा तीन आले.

"अरे," ती कशीबशी म्हणाली, "तुला ऐकू आलं?"

त्याने मान वर केली. तिच्या हातावर हात ठेवला आणि अगदी तिच्याच सुरात खरं तेच सांगितलं.

"नाही गं."