बसायची सोय

"वर बसायची सोय असेल तर येतो," म्हणत बाबांनी जन्मभर डोंगरावरची तळी टाळली. ते वारल्यानंतरच्या पहिल्या रविवारी आईने त्यांची प्लास्टिकची खुर्ची माझ्या पाठीला बांधली आणि आम्ही जंगलातली उभी वाट चढू लागलो. उतरणारे विचारायचे, "काय रे, सोफा मागून येतोय का?" मी म्हणायचो, "हो, टेम्पो अडकलाय." खांदे बधिर झाले होते, बाकीचा मी आधीपासूनच होतो. पहिल्या तळ्याशी आई थांबली नाही. "इथे ऊन आहे, त्यांना चालणार नाही." दुसऱ्या तळ्याशी तिने सावलीत, पाण्याकडे तोंड करून खुर्ची मांडली आणि आम्ही दगडांवर बसलो. एक आजोबा धापा टाकत आले. "खुर्ची रिकामी आहे का?" मी आईकडे पाहिलं. तिने खुर्ची पुसली. "बसा तोवर. त्यांना चढायला वेळ लागतो." मीही वळून वाटेकडे पाहिलं.